प्रस्तावनेतला शॉ आणि रंगभूमीवरला शॉ

जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नाटकांतून त्याचा समाजवाद शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाची अडचण अशी की, शॉने त्याला शोधण्यासारखे काही ठेवलेलेच नाही. प्रस्तावनेत मते सांगितलेली असतात. ती उतरवून घ्यावयाची, आणि नाटकातील कोणकोणत्या पात्रांच्या तोंडी ती आली आहेत ते दाखवावयाचे, एवढेच काम उरले असे वाटू लागते. शॉवरील पुष्कळसे विवेचन याच वाटेने गेलेले आहे. परंतु प्रस्तावना व नाटक यांचे शॉच्या बाबतीत नेहमीच पटते असे नाही. आणि जेथे पटत नाही तेथेच त्याच्या राजकीय श्रद्धेची खरी पारख होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शॉचा जन्म २६ जुलै १८५६ रोजी डब्लिन येथे झाला. घराणे प्रॉटेस्टंट, कुलाभिमान भरपूर, पैसा मात्र बेताचा. वडील धान्याचे व्यापारी आणि मद्यासक्त. वयाच्या पंधराव्या वर्षी तो जमीनदारांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या एका कचेरीत नोकरीस लागला. १८७६ मध्ये लंडनला आल्यावर लिहिलेल्या पाच कादंबऱ्या प्रकाशकांनी एकामागून एक परत केल्या. १८८२ मध्ये हेन्री जॉर्जचे व्याख्यान कानी पडले, त्यानंतर ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ फ्रेंच भाषांतरातून वाचला गेला, आणि १८८४ मध्ये तो फेबिअन सोसायटीचा सभासद झाला. मार्क्सचा मूल्यसिद्धान्त त्याने लवकरच सोडला व जेव्हन्सचा स्वीकारला. भांडवलशाहीवरील मार्क्सचा संताप मात्र सोडला नाही.

१३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रफाल्गर चौकाकडे निघालेला मोर्चा पोलिसांनी उधळून लावला. मोर्चात शॉ होता, आणि तोही इतरांबरोबर पळाला. हे त्याने कधी लपविले नाही. निःशस्त्र जमाव शिस्तबद्ध सत्तेपुढे टिकत नाही, ही त्या दिवसाची शिकवण त्याच्या पुढील विचाराला कायमची चिकटून राहिली. सिडनी वेबसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्याने जो मार्ग धरला, तो समित्या, अहवाल, नगरपालिका व तज्ज्ञ यांच्याद्वारे समाजवाद हळूहळू मुरविण्याचा होता. १८९७ पासून सहा वर्षे सेंट पँक्रस विभागाच्या स्थानिक कारभारात त्याने गटारे व घरे यांचे प्रश्न हाताळले. नाटककारांत असा अनुभव विरळाच.

‘विडोअर्स हाउसेस’ हे त्याचे पहिले नाटक १८९२ मध्ये रंगभूमीवर आले. तरुण डॉक्टर ट्रेंच याला कळते की, आपल्या वाग्दत्त वधूचा पिता सार्टोरिअस गलिच्छ वस्तीतील चाळींच्या भाड्यावर श्रीमंत झाला आहे. तो पैसा नको, आपल्या वार्षिक सातशे पौंडांत संसार करू, असे तो बाणेदारपणे सांगतो. ते सातशे पौंड कोठून येतात? त्याच चाळी गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या व्याजातून! येथे खलपुरुषाला शिक्षा होत नाही, कारण खलपुरुष एकटा नाही. प्रेक्षागृहात ज्यांची ज्यांची गुंतवणूक आहे ते सर्व या व्यवहारातील भागीदार आहेत. जिना दुरुस्त करण्यावर पैसे खर्च केले म्हणून नोकरीवरून काढलेला भाडेवसुली कारकून लिकचीज शेवटी श्रीमंत होऊन परत येतो आणि ट्रेंचही नव्या सौद्यात सामील होतो. भाडेवसुलीची कचेरी आतून पाहिलेल्या माणसाचेच हे लेखन आहे. यात समाजवादाचा शब्दही कोणी काढीत नाही, तरी समाजवादी नाटक म्हणून ते शॉच्या उत्तरकालीन बहुतेक नाटकांहून सरस आहे, असे आमचे मत आहे.

‘मेजर बार्बारा’ (१९०५) हे मात्र अधिक अवघड प्रकरण आहे. एम.ए.च्या उत्तरपत्रिकांतून अंडरशाफ्टला कधी खलनायक, तर कधी शॉचा प्रवक्ता ठरविलेले आढळते. दोन्ही उत्तरांना गुण द्यावे लागतात हे खरे, पण दोन्ही अपुरी आहेत. बार्बारा मुक्तिफौजेत काम करते. तिचा पिता अंडरशाफ्ट दारूगोळ्याचा कारखानदार. मद्यसम्राट बॉजर पाच हजार पौंड देऊ करतो, तितकेच अंडरशाफ्ट देतो, आणि मुक्तिफौज ती रक्कम स्वीकारते. बार्बारा आपला बिल्ला उतरवून ठेवते. ज्या गुंडाचा एक पौंड तिने नाकारला होता, त्याच्या कुत्सित बोलण्याला तिच्यापाशी उत्तर उरत नाही. दारिद्र्य हाच सर्वांत मोठा गुन्हा, हे अंडरशाफ्टचे मत प्रस्तावनेत शॉ स्वतःच्या नावाने मांडतो. अंडरशाफ्टच्या कारखान्याभोवतीची आदर्श वसाहत फेबिअन अहवालातून उचलून आणल्यासारखी स्वच्छ आहे. पण ती उभी आहे तोफांच्या नफ्यावर.

या नाटकाचा तिसरा अंक खुद्द शॉलाही स्वस्थ बसू देईना. ज्याच्यावरून कझिन्सचे पात्र बेतले होते, त्या गिल्बर्ट मरीला नाटक वाचून दाखविल्यावर ऑक्टोबर १९०५ मध्ये त्याने तो अंक पुन्हा लिहून काढला. कझिन्स कारखाना स्वीकारतो तो सामान्य माणसाच्या हाती सामर्थ्य देण्यासाठी. आणि मन मानेल त्यालाच शस्त्रे विकीन, असे बजावतो. यापुढे तुझ्या मनासारखे काहीच होणार नाही, असे अंडरशाफ्ट त्याला सुनावतो. सत्तेवाचून समाजवाद दुबळा, आणि सत्ता हाती घेणाऱ्याला सत्ताच वापरून घेणार, हा पेच नाटक सोडवीत नाही. प्रस्तावनेत या पेचाचा मागमूस नाही, कारण तेथे शॉला उलट उत्तर देणारा कोणी नाही.

उत्तरायुष्यात शॉने मुसोलिनीची तरफदारी केली, १९३१ मध्ये रशियात जाऊन स्टालिनची भेट घेतली, आणि १९३३ च्या मार्चमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रात इतरांबरोबर सही करून रशियातील दुष्काळाच्या बातम्या खोट्या ठरविल्या. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. हा म्हातारपणाचा विक्षेप होता असे म्हणून त्याचे चाहते सुटका करून घेतात. ती पळवाट आम्हांस मान्य नाही. ट्रफाल्गर चौकात जमावाविषयी जो अविश्वास उपजला व कारभार जाणणाऱ्याविषयी जो भरवसा पुढे वाढला, त्यांचेच हे फळ होय. दारिद्र्य नष्ट करणे हेच एकमेव माप ठरले, की ते नष्ट केल्याचा दावा करणाऱ्याची झडती घेण्याची इच्छा मावळते.

त्याच १९३३ साली ‘ऑन द रॉक्स’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्याच्या प्रस्तावनेत समाजाला उपद्रवकारक ठरलेल्या माणसांचा राज्यसंस्थेने निकाल लावण्याचे समर्थन आहे, आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. परंतु त्याच प्रस्तावनेत पुढे शॉला राहवले नाही व त्याने पायलट आणि येशू यांचा संवाद लिहिला. संवाद लिहावयास घेताच आरोपीला बोलू द्यावे लागले. नाटकातील पंतप्रधान सर आर्थर चॅव्हेंडर राष्ट्रीयीकरणाचा जहाल कार्यक्रम मांडतो, आणि शेवटी राजकारणातून बाजूला होतो. हे काम करणारा माणूस दुसरा असेल, आणि त्याच्या क्रौर्यामुळे आपण त्याचा द्वेष करू, अशी तो कबुली देतो. बाहेर बेकारांचा जमाव आहे, पोलिसांचा लाठीहल्ला सुरू आहे, खिडक्यांच्या काचा फुटत आहेत. आणि त्या गोंगाटातून बेकारांचे गाणे ऐकू येत असता पडदा पडतो.