'सांगितल्याप्रमाणे करा' : इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेविषयी

आपल्याकडच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांत एक सूचना वर्षानुवर्षे छापली जाते : 'डू अॅज डायरेक्टेड'. सांगितल्याप्रमाणे करा. कर्तरी वाक्य कर्मणी करा. 'टू' काढून टाका. 'नो सूनर' वापरून पुन्हा लिहा. शब्दाला उपसर्ग किंवा प्रत्यय लावा. का लावायचा, लावल्याने काय बदलले, हे कोणी विचारत नाही. सूचना सर्वांनाच सारखी असते, हे खरे. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे सांगितल्याप्रमाणेच केली, त्यांच्या घरातून पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलाला ती वेगळी ऐकू येते. निदान आपल्याला तरी ती वेगळी ऐकू आली पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम हे गाव घ्या. शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे ते ओळखले जाते. आश्रमाच्या शिक्षणसंस्थांमुळे शेतमजुरांच्या घरातल्या मुलालाही शिक्षण चालत जाण्याच्या अंतरावर आले. या मुलखातले मूल घरी 'मले', 'तुले' म्हणते, 'पानी' म्हणते. शाळेत आल्यावर आधी त्याची वऱ्हाडी चूक ठरते, मग प्रमाण मराठी शिकावी लागते आणि त्यानंतर इंग्रजी समोर उभी राहते. दोन उंबरठे ओलांडून आलेल्या या मुलाच्या हाती आपण काय देतो? अपेक्षित प्रश्नसंच. त्यातले साचे पाठ करून ते गुण मिळवते, आणि इंग्रजीत चार ओळींचा अर्ज लिहायची वेळ आली की अडते. मग आपण म्हणतो, आमच्या मुलांचे इंग्रजी कच्चे. कच्ची असते ती परीक्षा.

शब्दसिद्धीचाच प्रश्न पाहा. 'टच' म्हणजे शिवणे. त्याला 'एबल' लावा : शिवता येण्याजोगा. पुढे 'अन्' जोडा : अनटचेबल. शेवटी 'इटी' लावा : अनटचेबिलिटी. साच्यात बसले की गुण मिळाला, वही मिटली. पण या शब्दात काय घडले, हे कोण सांगणार? 'शिवणे' या क्रियेला कर्ता लागतो. 'एबल' लागताच कर्ता नाहीसा होतो आणि दोष कर्माच्या अंगाला चिकटतो. शिवायला नकार देणारा माणूस शब्दाबाहेर उभा राहून हात झटकतो. 'अस्पृश्य' या आपल्या शब्दाची घडणही तीच. एका प्रत्ययाने गुन्हेगार लपतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाच तो गुणधर्म ठरतो. हे व्याकरण आहे. परीक्षेने नेमके हेच विचारलेले नाही.

बाबासाहेबांना या गोष्टीची जाण किती तीव्र होती, हे १९३१च्या गोलमेज परिषदेतल्या एका निवेदनावरून दिसते. सरकारी शब्द होता 'डिप्रेस्ड क्लासेस'. 'डिप्रेस्ड' म्हणजे दडपलेले. कोणी दडपलेले, ते शब्द सांगत नाही. बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव बदलण्याची मागणी केली आणि 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' अशी नावे सुचवली. त्या त्या काळच्या तडजोडीच्या मर्यादा या नावांना आहेत. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि त्यांतला 'हिंदू' हा शब्दही मागे पडला. पण त्यांची घडण पाहा. दडपला गेलेला माणूस येथे नकार देणारा, जुळवून न घेणारा माणूस होतो. कर्माचा कर्ता होतो. १९३५च्या कायद्याने मात्र 'शेड्यूल्ड' हे नाव दिले : यादीत घातलेले. पुन्हा तेच रूप, पुन्हा कर्ता गायब.

'दलित' हा शब्द तरी वेगळा आहे काय? 'दल्' धातूला 'इत' लागला : भरडलेला. भरडणारा येथेही दिसत नाही. तरीही १९७२ साली पँथरच्या तरुणांनी हा शब्द स्वतः उचलला आणि तो दयेचा न राहता आव्हानाचा झाला. तेव्हा व्याकरण सगळे ठरवते, असे माझे म्हणणे नाही. शब्दाचा अर्थ लढ्यातही घडतो. पण जो तो घडवणार, त्याला शब्दाचा सांधा कुठे आहे हे ठाऊक हवे.

कर्मणी प्रयोगाचे तसेच. संविधानाच्या उद्देशिकेतले वाक्य कर्तरी आहे, आणि कर्ता आहे भारताचे लोक. सतराव्या कलमात अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. हे वाक्य कर्मणी. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम 'जो कोणी' या शब्दाने सुरू होते, आणि तो अनुसूचित जाती-जमातीचा नसावा असेही लगेच सांगते. कायद्याच्या वाक्यात अखेर कर्ता आला. फिर्यादीतही 'मारहाण करण्यात आली' एवढेच लिहिले तर कोणाला पकडायचे? खालच्या न्यायालयात मराठी चालते. प्रकरण नागपूरच्या खंडपीठात गेले की निकाल इंग्रजीत येतो. तो वाचताना कर्ता कुठे गाळला, हे ओळखणारा माणूस आपल्या वस्तीत आहे काय?

यावर कोणी म्हणेल, मग व्याकरणाची परीक्षाच काढून टाका, इंग्रजी बोलून बोलून येते. हा युक्तिवाद ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाते त्यांच्या सोयीचा आहे. आपल्या मुलाला ती नियमातूनच शिकावी लागते. छापलेला नियम कोणालाही पाठ करता येतो. मुलाखतीतले उच्चार आणि घरंदाज वळण मात्र पाठ होत नाही. म्हणून नियम आपल्या बाजूचा आहे. सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो उगाच नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत सी-सॅट आणली आणि तिच्या इंग्रजी उताऱ्यांविरुद्ध २०१४ साली विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेव्हा ते गुण गुणवत्तेतून वगळले गेले आणि २०१५ पासून तो पेपर केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरला. ती लढाई रास्त होती. पण चाळणी काढून घेतल्याने भाषा हाती येत नाही.

माझी मागणी साधी आहे. 'वाक्य कर्मणी करा' याच्या खाली आणखी एक ओळ छापा : कर्मणी केल्याने कोण दिसेनासा झाला? 'उपसर्ग लावा' याच्या खाली लिहा : अर्थ कोणाच्या बाजूला झुकला? मंडळ हे करील तेव्हा करील. शिक्षकाला त्यासाठी कोणाची परवानगी नको. उद्याच्या तासाला फळ्यावर 'टच' लिहा आणि वर्गाला विचारा, शिवले नाही ते कोणी? उत्तर आधी वऱ्हाडीत येईल. येऊ द्या. मग ते इंग्रजीत, कर्त्यासकट लिहून घ्या.