विजयसार, मधुमेह आणि प्रयोगशाळेतील उंदीर : एका संशोधनदाव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील अच्छाड (ता. तलासरी) व लगतच्या डहाणू परिसरातील पानझडी जंगलांत बिबळा हा परिचित वृक्ष आहे. सालीला छेद दिला असता रक्तासारखा लाल डिंक स्रवणारा हा वृक्ष आयुर्वेदात बीजक, असन वा विजयसार या नावांनी ओळखला जातो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची प्रथा मधुमेही रुग्णांत रूढ आहे. महाविद्यालयीन संशोधनात 'वनस्पती-अर्क व मधुमेही उंदीर' हा विषय वारंवार निवडला जात असल्याने, या वृक्षाविषयीच्या एका गाजलेल्या दाव्याचे परीक्षण उद्बोधक ठरते.

दावा व त्याची फेरतपासणी :
चक्रवर्ती, गुप्ता व गोडे यांनी १९८२ मध्ये असे प्रतिपादन केले की, बिबळ्याच्या सालीतील एपिकॅटेचिन या घटकामुळे ॲलोक्सान टोचलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातील बीटा पेशी पुन्हा निर्माण होतात. दावा असाधारण होता. कारण नष्ट झालेल्या बीटा पेशी परत आणणारे औषध उपलब्ध नव्हते. मात्र १९८३ व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र तपासण्यांत या दाव्यास पुष्टी मिळाली नाही.

या मतभेदाचे मूळ प्रयोगपद्धतीतही शोधावे लागते. ॲलोक्सान मुक्त मूलकांद्वारे बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे ॲलोक्सानच्या आधी वा लगोलग दिलेला प्रतिऑक्सिडीकारक पदार्थ पेशींचा बचाव करू शकतो. परंतु बचाव म्हणजे पुनर्निर्मिती नव्हे. शिवाय काही प्राण्यांतील रक्तशर्करा उपचाराविनाही पूर्ववत होते. तुलनेसाठी उपचाररहित मधुमेही गट पुरेसा काळ ठेवला नसेल, तर या नैसर्गिक सुधारणेचे श्रेय अर्काला मिळते. त्यातच हे प्रारूप इन्सुलिनच्या अभावाचे आहे. बहुसंख्य रुग्णांना होणाऱ्या, इन्सुलिन-प्रतिरोधाशी निगडित दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे नव्हे.

मानवी चाचण्या :
विजयसार निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यातून काढणेही अन्यायाचे होईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या १९९८ मधील अहवालानुसार, चार केंद्रांतील ९७ नवनिदानित रुग्णांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा बारा आठवड्यांत नियंत्रणात आली. ही चाचणी खुली होती, तुलनागट नव्हता. पुढे २००५ मध्ये टोलब्युटामाइड या औषधाशी तुलना करणारी चाचणीही प्रसिद्ध झाली. म्हणजे परिणाम होतो काय, हा एक प्रश्न. तो कोणत्या यंत्रणेने होतो, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचे उत्तर सिद्ध मानणे, हा या क्षेत्रातील लेखनाचा प्रमुख दोष होय.

नामसाधर्म्याचा प्रश्न :
संस्कृतातील 'असन' म्हणजे बिबळा; मराठीतील 'असाणा' मात्र खोडावर काटे असणारा वेगळाच वृक्ष. केवळ स्थानिक नावावर विसंबून गोळा केलेल्या सालीवरील प्रयोग मुळातच संशयास्पद ठरतो. साल व गाभ्याचे लाकूड यांतील घटकही भिन्न असतात. पेल्याच्या प्रथेस सालीवरील प्रयोगाचा आधार देता येत नाही.

समारोप :
वनस्पतीचा ओळख-नमुना जतन करणे, मधुमेह स्थिरावल्यानंतरच अर्क देणे, पुरेशा कालावधीचा तुलनागट ठेवणे आणि नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध करणे, या किमान अटी होत. त्या पाळल्या नाहीत तर १९९८ च्या नियमांनुसार नैतिक समितीची संमती घेऊनही प्राण्यांचे बळी व्यर्थच जातात. त्याहून गंभीर धोका रुग्णाचा आहे. 'पेशी पुन्हा निर्माण होतात' हे वाक्य निबंधातून जाहिरातीत पोहोचते आणि त्यावर विश्वासून एखादा रुग्ण इन्सुलिन बंद करतो. परंपरेचा खरा सन्मान तिची कठोर परीक्षा घेण्यातच आहे.