शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही, हे आई एक शीत चेपून ठरवते. तिची परीक्षा सहसा चुकत नाही, कारण पातेल्यातल्या प्रत्येक दाण्याला पाणी आणि आच जवळजवळ सारखीच लागलेली असते. समाज असा एकसारखा शिजत नाही. म्हणून सामाजिक पाहणीचा ग्रंथ हाती आला की त्याचे निष्कर्ष मी मागाहून वाचतो. शीत कोठून उचलले, ते आधी पाहतो.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांचे 'लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज' १९१७ साली निघाले. पाहणीचे गाव पिंपळे सौदागर. १७७१ साली तेथील सरासरी खाते चाळीस एकरांचे होते, ते १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आले, हे मॅनसाहेबांनी जुन्या दप्तरांतून काढून दाखविले. कुटुंबवार जमाखर्च मांडून, बहुसंख्य घरांचे पोट नुसत्या शेतीवर भरत नाही, हेही सांगितले. कष्ट प्रचंड, भाषा कोरडी. पण त्या कोरडेपणातच माणसांविषयीची कळकळ आहे, आणि मला ती पुष्कळ कादंबऱ्यांहून खरी वाटते.

परंतु गाव पुण्याच्या उंबरठ्यावरचे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची मजुरी हाकेच्या अंतरावर! अशा गावावरून दख्खनच्या शेतकऱ्याविषयी काय बोलावे? हा आक्षेप लेखकाने मनाला लावून घेतला, हे त्याचे मोठेपण. शहराच्या सावलीपासून दूर, कोरडवाहू असे जातेगाव बुद्रुक निवडून त्याने कानिटकरांच्या सहकार्याने १९२१ मध्ये दुसरा खंड प्रसिद्ध केला. तेथे दारिद्र्याचा रंग अधिकच गडद निघाला.

तरीही एक गाठ सुटत नाही. दुसरे गावही हेतूपूर्वक निवडलेले. 'नमुनेदार' गाव कोणते, हे ठरवायला आधी सगळी गावे ठाऊक हवीत. आणि ती ठाऊक असती तर पाहणीचे कारणच उरले नसते. चिठ्ठ्या टाकून निवड करणे अडाणीपणाचे वाटते खरे, पण चिठ्ठीला आवडनिवड नसते, आणि सोयीचा रस्ताही तिला दिसत नाही. १९५० साली महालनोबिसांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने हाच मार्ग धरला.

मात्र मॅनसाहेबांना सरसकट दोषी ठरवू नये. त्यांनी शीर्षकातच 'एक' गाव म्हटले आहे. पुढे पाठ्यपुस्तकांनी तो 'एक' गाळला आणि चाळीसाचे सात झाल्याची गोष्ट हिंदुस्थानभरच्या शेतीची कहाणी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घोकविली. शीत एका पातेल्यातले, परीक्षा साऱ्या गावजेवणाची!

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि शेतांच्या जागी उंच इमारती आहेत. उद्या कोणी तेथे पुन्हा पाहणी करू म्हणेल, तर बहुधा सदनिकांची यादी घेईल आणि त्यातून चिठ्ठी काढील. फाटकावर त्याला पहारेकरी अडवील, नाव लिहून घेईल. चार घरची धुणीभांडी उरकून एखादी बाई त्याच फाटकातून बाहेर पडत असेल. त्या दोघांची नावे त्या यादीत नसतील.