तापदीप्ती कालनिर्णय आणि कृत्रिम किरणोत्सर्ग : प्राचीन पोर्सिलीनच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
लंडन येथे जुलै २००५ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात चीनमधील युआन राजवटीचा (१२७१–१३६८) निळ्या-पांढऱ्या पोर्सिलीनचा एक रांजण सुमारे १ कोटी ५७ लाख पौंडांना विकला गेला. वस्तूचे मूल्य तिच्या काळावर एवढे अवलंबून असेल, तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र हाच अंतिम निवाडा मानला जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे.

पद्धतीचे तत्त्व :
मातीतील क्वार्ट्झ व फेल्डस्पार यांचे कण युरेनियम, थोरियम, पोटॅशियम-४० व वैश्विक किरण यांपासून मिळणारी ऊर्जा साठवितात. भांडे भट्टीत भाजले की पूर्वीचा साठा नाहीसा होतो. नंतर साठलेली ऊर्जा नमुना तापविल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडते. त्यावरून काढलेल्या एकूण मात्रेस वार्षिक मात्रेने भागले असता वय मिळते. म्हणजेच प्रयोगशाळा मात्रा मोजते; वय हे अनुमान होय.

मर्यादा :
ही मात्रा निसर्गाने दिली की यंत्राने, हे प्रकाश सांगत नाही. वार्षिक मात्रा ४ मिलिग्रे मानल्यास ६५० वर्षांत २.६ ग्रे मात्रा साठते. नव्या भांड्यास कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी तेवढीच मात्रा दिल्यास ते युआनकालीन भासेल. याउलट, सीटी स्कॅनमधून ४० मिलिग्रे मात्रा मिळाली, तर वयात केवळ दहा वर्षांची भर पडेल. तेव्हा एखाद्या तपासणीने नवे भांडे प्राचीन ठरत नाही; खरा धोका हेतुपुरस्सर केलेल्या फसवणुकीचा आहे.

यावर उपाय नाही असे नाही. झिरकॉनच्या कणांत स्वतःचे युरेनियम असल्याने त्यांची नैसर्गिक मात्रा इतर कणांहून बरीच अधिक असते. बाहेरून दिलेली गॅमा मात्रा मात्र सर्व कणांना जवळपास सारखीच मिळते. त्यामुळे निरनिराळ्या कणांवरून येणाऱ्या वयांतील विसंगती संशयास जागा देते. परंतु पोर्सिलीनच्या बुडातून काढलेल्या अल्पशा नमुन्यात असे कण वेगळे करणे दुष्कर आहे.

निष्कर्ष :
या पद्धतीचा नकार तिच्या होकारापेक्षा अधिक विश्वसनीय ठरतो. मात्रा अत्यल्प असेल आणि भांडे पुन्हा तापविले गेले नसेल, तर त्याचे प्राचीनत्व नाकारता येते. मात्रा जुळली, तर विरोधी पुरावा मिळाला नाही एवढेच सिद्ध होते. म्हणून संग्रहालयांनी प्रत्येक वस्तूच्या क्ष-किरण तपासणीची नोंद ठेवावी, तापदीप्ती चाचणीसाठी नमुना सीटी स्कॅनपूर्वीच घ्यावा आणि प्रमाणपत्र हे माती, झिलई, घडण व मालकीचा इतिहास यांच्यासमवेतच वाचावे.