अंगावरची प्रयोगशाळा : किती खरी?

सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसेफ वांग यांच्या गटाने २०११ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या निओप्रीन रबराच्या पोशाखावर रासायनिक संवेदक छापले. पद्धत लग्नपत्रिका छापतात तीच, स्क्रीन प्रिंटिंगची. शाई मात्र वीज वाहून नेणारी. समुद्राच्या पाण्यातील तांबे, फिनॉलवर्गीय प्रदूषके आणि टीएनटी हे स्फोटक त्यांनी ओळखून दाखवले.

कल्पना सुंदर आहे. पण एवढ्यावरून ‘आता कपडेच प्रदूषण ओळखतील’ असे मुलांना सांगणे घाईचे होईल.

नवी मुंबईतील करावे गावाच्या खाडीकाठाचा विचार करा. चिंबोऱ्या धरणारा माणूस गुडघाभर चिखलात उतरतो. भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारटपणा बदलतो. गाळ संवेदकावर बसू शकतो. शिवाय जड धातू मोठ्या प्रमाणात गाळाच्या कणांना चिकटून राहतात. असा संवेदक मुख्यतः पाण्यात विरघळलेला धातू मोजतो. म्हणून ‘तांबे आढळले नाही’ याचा अर्थ ‘खाडी स्वच्छ आहे’ असा होत नाही. गाळात राहणारी चिंबोरी ज्याच्या ताटात येते, त्याला हा फरक महत्त्वाचा आहे.

वर्गात हे दाखवायला हळद पुरेशी आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली सुती पट्टी साबणाच्या पाण्याने लाल होते, चुन्याच्या निवळीनेही लालच होते. अल्कली आहे एवढे ती सांगते. कोणता, ते सांगत नाही. छापील संवेदकाबद्दल वाचतानाही मुलांनी आधी हेच विचारावे : याने नेमके काय मोजले, आणि काय मोजायचे राहिले?