दोन नगरे, दोन जत्रा

एखाद्या शहराची परीक्षा करावयाची झाली म्हणजे आपण सहसा त्याचे रस्ते, इमारती, ग्रंथालये आणि नाट्यगृहे पाहतो. पण हे पाहुण्याने दिवाणखाना पाहून घराविषयी मत देण्यासारखे आहे. शहराचे मन कळते ते तिथली माणसे रिकाम्या संध्याकाळी कुठे जातात आणि तिथे जाऊन काय करतात ह्यावरून. ह्या निकषाने मला दोन शहरे शेजारी ठेवून पाहावयाची आहेत : डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन आणि कॅलिफोर्नियातले लॉस एंजेलिस. दोघांच्याही करमणुकीच्या बागा जगात नावाजलेल्या. कोपनहेगनची तिव्होली १८४३ सालची, लॉस एंजेलिसच्या पंचक्रोशीतले डिस्नेलँड १९५५ सालचे. शिवाय दोघींत नातेही आहे. वॉल्ट डिस्ने १९५१ साली तिव्होली पाहून आला होता. तिथली स्वच्छता, फुलांचे ताटवे, बँडवादन, रात्रीचे दिवे हे सारे त्याला भावले आणि त्याने ते आपल्या बागेत आणलेही. एक गोष्ट मात्र त्याने आणली नाही, आणि सारा फरक तिथेच पडला.

तिव्होलीचा जनक गेऑर्ग कार्स्टेन्सन हा मोठा खटपट्या गृहस्थ. लोक करमणुकीत रमले म्हणजे राजकारणाच्या वाटेला जात नाहीत, असे सांगून त्याने राजा आठवा क्रिस्टियन ह्याच्याकडून परवाना मिळवला, अशी कथा आहे. राजाला हे पटले ह्यात नवल नाही. राजांना ही गोष्ट नेहमीच पटते. जागा मिळाली ती शहराच्या पश्चिम वेशीबाहेर, तटबंदीच्या पट्ट्यात. पुढे तट पाडले गेले, शहर वेशीपलीकडे पसरले आणि गावकुसाबाहेरची बाग न हलता गावाच्या पोटात आली. आज तिच्या एका अंगाला मुख्य रेल्वेस्थानक आहे, दुसऱ्या अंगाला नगरभवनाचा चौक. बागेतले तळे म्हणजे जुन्या खंदकाचाच एक तुकडा. शत्रूला अडवण्यासाठी राखलेल्या पाण्यात आता रंगीत दिव्यांची प्रतिबिंबे हलतात.

सारी जागा जेमतेम वीस एकरांची. आपल्याकडचा एखादा बागायतदारही तिला मोठी म्हणणार नाही. पण तेवढ्यात काय नाही! १८७४ साली बांधलेले मूकनाट्यगृह आहे. त्याचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा. तो मिटला की हार्लेक्विन, कोलंबिना आणि पांढऱ्या तोंडाचा पिएरो ह्यांचे जुने इटालियन खेळ सुरू होतात. शब्द नसल्यामुळे डेनिश न जाणणाऱ्यालाही ते कळतात. १९१४ सालची लाकडी घसरगाडी आहे. तिच्या डब्यांच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो आणि उतारावर वेग किती ठेवायचा हे त्याच्या हातातला ब्रेक ठरवतो. शंभराहून अधिक वर्षे लोटली, विजेचे किती चमत्कार आले, पण त्या माणसाची जागा कुणी काढून घेतली नाही. मला ह्या एका गोष्टीसाठी डेन लोकांविषयी आदर वाटतो.

तथापि तिव्होलीचे मर्म तिच्या खेळांत नाही. तिथे आत जाण्याचे तिकीट वेगळे आणि खेळांचे पैसे वेगळे. ही व्यवस्था वरवर क्षुल्लक वाटेल; वस्तुतः सारी संस्कृती तिच्यात आहे. आत येऊन एकाही पाळण्यात न बसता कारंज्यापाशी बसून राहायची मुभा त्यामुळे मिळते. वर्षाचा पास घेऊन येणारी वृद्ध जोडपी संगीत ऐकतात, कॉफी घेतात आणि घरी जातात. तरुण पोरे किंकाळ्या फोडतात, आणि त्या किंकाळ्या शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू येतात. २००६ साली तिथे ८० मीटर उंचीचा फिरता पाळणा उभा राहिला. त्याच्या माथ्यावर गेले की काय दिसते? परीराज्य नव्हे, तर कोपनहेगनचे मनोरे, छपरे, कचेऱ्या आणि रेल्वेचे रूळ. शहर विसरायला आलेल्या माणसाला तिव्होली शहरच उचलून दाखवते.

१९४४ च्या जूनमध्ये, जर्मन अंमलाच्या काळात, शत्रूशी हातमिळवणी केलेल्यांनी तिव्होलीत बाँब उडवले. संगीतगृह जळून गेले. कोपनहेगनला दुखवायचे तर घाव कुठे घालावा हे त्या लोकांनी बरोबर ओळखले होते. काही आठवड्यांतच बाग पुन्हा उघडली.

आता डिस्नेलँड. त्याची मूळकथा वॉल्ट डिस्नेनेच सांगितलेली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि हा बाप बाकावर शेंगा खात बसे. मुलांच्या बरोबरीने मोठ्यांनाही मौज वाटेल अशी जागा का असू नये, हा विचार त्याला तिथे सुचला. म्हणजे कल्पना सुचली ती सार्वजनिक बागेत, फुकटच्या बाकावर. (तो बाक पुढे डिस्नेलँडमध्ये नेऊन मांडला गेला. तो पाहायचा तर तिकीट काढावे लागणार!) जागेचा शोध मात्र शहरात झाला नाही. स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडून लोकवस्ती कुठे सरकते आहे, मोटारींचे नवे हमरस्ते कुठून जाणार आहेत ह्याचा हिशेब करून घेण्यात आला आणि अ‍ॅनाहाइम गावची १६० एकर जमीन ठरली. तिथल्या संत्र्यांच्या बागा तोडून नवी बाग उभी राहिली. १७ जुलै १९५५ रोजी उद्घाटन झाले तेव्हा खोट्या तिकिटांवर हजारो लोक घुसले, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले, आणि ओल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतून बसल्या. हे सारे देशभर दूरचित्रवाणीवर दिसत होते. सूत्रधारांपैकी एक नट रोनाल्ड रेगन होता.

ह्या फजितीला हसणे सोपे आहे. पण डिस्नेलँड ही सामान्य कारागिरी नव्हे. रंगभूमीची इतकी बारीक जाण असलेली बाग दुसरी क्वचितच सापडेल. प्रवेश करताच लागणारा ‘मेन स्ट्रीट’ पाहा. डिस्नेच्या बालपणीच्या मार्सेलिन गावाची ती आठवण. दुकानांचे वरचे मजले मुद्दाम लहान प्रमाणात बांधलेले, त्यामुळे उंची अधिक भासते आणि तरी दडपण येत नाही. वळणावळणावर नवा देखावा. हे नेपथ्य आहे, आणि पहिल्या प्रतीचे आहे.

पण नेपथ्याला मागची भिंत लागतेच. डिस्नेने आपल्या बागेभोवती मातीचा उंच बांध घातला आणि त्यावरून छोटी आगगाडी फिरवली. हेतू एकच : आतल्या माणसाला बाहेरचे काही दिसू नये. विजेचे खांब, मोटारी, उपाहारगृहांच्या पाट्या, थोडक्यात लॉस एंजेलिस, दिसू नये. तिव्होलीत तट पडले आणि बाग शहरात आली. इथे नवा तट उभारून शहर बाहेर ठेवले. डिस्नेने कोपनहेगनहून दिवे आणले, फुले आणली. ते शहर मात्र आणले नाही. आणायचे म्हटले तरी कोणते आणणार होता?

वास्तुशिल्पी चार्ल्स मूर ह्याने १९६५ साली एका गाजलेल्या निबंधात ह्या प्रश्नाला उत्तर दिले आहे. त्याचे म्हणणे असे, की मोटारीतून मोटारीत जाणाऱ्या त्या प्रदेशात चौक नाही, पायी हिंडण्याची जागा नाही. ती उणीव डिस्नेलँडने भरून काढली, मात्र सार्वजनिक जीवनासाठी तिथे दाम मोजावे लागतात. निरीक्षण मोठे मार्मिक आहे. पण त्यातून एखाद्याचा समज व्हावा की लॉस एंजेलिसला अशी जागा कधी नव्हतीच. ते खरे नाही. १९०५ साली अ‍ॅबट किनीने समुद्रकाठी व्हेनिस वसवले होते, कालवे आणि नावांसकट. त्यांतले बहुतेक कालवे १९२९ साली मोटारींच्या सोयीसाठी बुजवले गेले. तांबड्या विजेच्या गाड्या किनाऱ्यापर्यंत माणसे नेत. त्यांपैकी शेवटची १९६१ साली बंद पडली. शहराने आपली जत्रा मोडली आणि मग तिची प्रतिकृती विकत घेतली.

विकत घेतलेल्या वस्तूचा एक स्वभाव असतो. सुरुवातीला डिस्नेलँडमध्येही प्रवेश एक डॉलरचा होता आणि खेळांची तिकिटे वेगळी होती. १९८२ साली ती पद्धत गेली. सर्व मिळून एकच तिकीट आले, आणि आज सर्वांत स्वस्त दिवशीही ते शंभर डॉलरांच्या वर आहे. मग कुटुंबवत्सल मनुष्य काय करील? घड्याळ पाहत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत धावेल. पैसे वसूल करावयाचे म्हटल्यावर कारंज्यापाशी बसणे हा गुन्हाच ठरतो. मुले दमतात, आई चिडते, बाप हिशेब करतो. आपल्यालाही हे चित्र अपरिचित नाही. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका; नमुना अ‍ॅनाहाइमचाच, गावाबाहेरचा, मोठ्या तिकिटाचा. खरे तर गावच्या जत्रेत वाढलेल्या आपल्या लोकांना तिव्होली अधिक लवकर कळावी. जत्रेत पाळणा असतो, पण पाळण्यासाठीच कुणी जत्रेला जात नाही.

तिव्होलीची आरती ओवाळून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ह्याच बागेत १९०५ साली डेन्मार्कच्या वसाहतींचे प्रदर्शन भरले होते. त्यासाठी कॅरिबियन बेटांवरच्या वसाहतीतून दोन काळी मुले आणली होती : सात वर्षांचा व्हिक्टर कॉर्नेलिन्स आणि त्याहून लहान आल्बर्टा. पोरेच ती, बागेत हिंडू लागली, म्हणून त्यांना पिंजऱ्यात ठेवले. लोक येऊन पाहून गेले. व्हिक्टर पुढे डेन्मार्कातच शिकला आणि शिक्षक झाला. शहराच्या पोटात असलेली बाग शहराची माया दाखवते तसे त्याचे पापही दाखवते. तिला बांध घालून ते लपवता येत नाही. डिस्नेलँडनेही माणसे निवडली आहेतच. १९६० च्या दशकात लांब केसांच्या तरुणांना दारातून परत पाठवीत. आणि सप्टेंबर १९५९ मध्ये खुद्द क्रुश्चेव्हला, सुरक्षेची हमी देता येत नाही म्हणून, तिथे जाता आले नाही. रशियाचा तो धनी भर मेजवानीत ह्यावरून रुसून बसला. त्याच्या राज्यकारभाराविषयी माझे मत बरे नाही. पण त्या रुसव्यापुरती माझी सहानुभूती त्याच्याकडे आहे.

लॉस एंजेलिसचा जीव कुठेच रमत नाही असे मात्र समजू नये. ग्रिफिथ नावाच्या धनिकाने १८९६ साली त्या शहराला तीन हजार एकरांवर डोंगराळ जमीन दान दिली. तिथे १९३५ सालापासून एक वेधशाळा उभी आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. सूर्यास्ताला सगळ्या वर्णांची, सगळ्या भाषांची माणसे वर चढून येतात. रात्र निरभ्र असली तर दुर्बिणीसमोर रांग लागते; मुले शनीची कडी पाहतात. मोठी माणसे कठड्याशी उभी असतात. खाली क्षितिजापर्यंत दिवेच दिवे. एरवी मोटारीच्या काचेतून तुकड्यातुकड्याने पाहिलेले आपले शहर ती तिथून एकसंध पाहतात, आणि आपले घर कुठल्या दिव्यापाशी आहे ते एकमेकांना बोट करून दाखवतात.