ट्रेजन स्तंभलेखाचे डिजिटल रूप : पुनर्निर्मिती की भाष्य?

प्रस्तावना :
रोममधील ट्रेजन स्तंभाच्या पायथ्यावरील सहा ओळींचा लेख इ. स. ११३ मधील आहे. त्यातील अक्षरे रोमन कॅपिटल लिपीचा आदर्श मानली जातात. या लेखाच्या आधारे कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी अ‍ॅडोबी कंपनीसाठी १९८९ मध्ये 'ट्रेजन' हा फाँट तयार केला. त्याला सर्रास 'पुनर्निर्मिती' म्हटले जाते. हे वर्णन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
पहिला प्रश्न पुराव्याचा आहे. आजच्या २६ अक्षरांपैकी एच, जे, के, यू, डब्ल्यू, वाय आणि झेड ही सात अक्षरे मूळ लेखात नाहीत. पैकी एच, के, वाय व झेड यांचे नमुने इतर रोमन लेखांत शोधता येतात. परंतु जे, यू आणि डब्ल्यू ही स्वतंत्र अक्षरे म्हणून त्या काळी अस्तित्वातच नव्हती. आजचे अंक आणि फाँटमधील ठळक वळण यांनाही शिलेत आधार नाही. हा सर्व भाग अभिकल्पकाच्या अनुमानातून आलेला आहे.

दुसरा प्रश्न अक्षराच्या घडणीचा आहे. फादर एडवर्ड कॅटिच यांनी 'द ओरिजिन ऑफ द सेरिफ' (१९६८) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की ही अक्षरे प्रथम चपट्या कुंचल्याने लिहिली गेली व नंतर कोरली गेली. अक्षरांच्या टोकांची सेरिफ ही छिन्नीची नव्हे, तर कुंचल्याची देणगी होय. हे मत स्वीकारल्यास प्रत्येक अक्षर हे हाताच्या एका हालचालीची नोंद ठरते. मूळ लेखात वरच्या ओळींतील अक्षरे खालच्या ओळींपेक्षा मोठी आहेत. एकाच अक्षराच्या आवृत्त्यांतही सूक्ष्म फरक आढळतो. फाँटमध्ये मात्र या आवृत्त्यांची जागा एकच रेखाकृती घेते. खोदीव रेषेतील छायाप्रकाशही तेथे उरत नाही.

याचा अर्थ ट्वॉम्ब्ली यांचे कार्य गौण आहे, असा नव्हे. मूळ लेखात नसलेली लहान अक्षरे त्यांनी या फाँटवर लादली नाहीत. प्रमाणबद्धतेचे त्यांचे भानही असाधारण आहे. आक्षेप आहे तो फाँटलाच मूळ समजण्याच्या वृत्तीवर. 'टायटॅनिक'सारख्या (१९९७) चित्रपटांच्या जाहिरातींमुळे हे वळण सर्वपरिचित झाले. परिणामी, विद्यार्थी शिलालेखाकडे फाँटच्या चष्म्यातून पाहू लागतो आणि शिलेवरील वैविध्य त्याला दोष वाटू लागते.

निष्कर्ष :
'ट्रेजन' ही शिलालेखाची प्रतिकृती नसून त्यावरील समर्थ भाष्य आहे. भाष्यकाराने मूळ पाठ कोणता व स्वतःची भर कोणती, हे स्पष्ट करावे, अशी अपेक्षा असते. पाठचिकित्सेतील ही शिस्त अक्षराकृतींच्या अभ्यासातही पाळली जाणे आवश्यक आहे. वर्गात हा फाँट दाखविताना शेजारी मूळ लेखाचे छायाचित्र ठेवणे, ही तिची पहिली पायरी ठरेल.